गॅस बंद, पंखा चालू

मे महिना, संध्याकाळचे साडेसात. मुंबईतल्या डिलाईल रोडवरच्या कुठल्याही घरात डोकावा. पोळ्या लाटायला घेतल्या की आधी काय होतं? पंखा बंद होतो. वाऱ्याने ज्योत हलते, पोळी नीट भाजत नाही, म्हणून बटण खाली.

घरात सगळ्यात जास्त उकडतं तो अर्धा तास. नेमका तेव्हाच पंखा बंद.

आणि हे रोज. मार्चच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत. कशासाठी? ताटात गरम पोळी पडावी म्हणून. खाणारा ती गरम पोळी फुंकर मारून गार करतो आणि मग खातो.

डिलाईल रोडचं सरकारी नाव ना. म. जोशी मार्ग. इथे बीडीडीच्या 32 चाळी. 1920च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, तळमजला आणि वर तीन मजले. मधून पॅसेज, दोन्ही अंगांना खोल्या, एक खोली 160 चौरस फुटांची. त्यातच ओटा, त्यातच मोरी, त्यातच कॉट, त्यातच दहावीचा अभ्यास. इथे स्वयंपाकघर असं वेगळं काही नसतं. तुम्ही स्वयंपाकघरातच राहता.

म्हणजे रात्री आठ वाजता कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की त्या वाफेतच अकरा वाजता अंथरूण घालायचं. खिडकी उघडी असते, दार उघडं असतं. पण दारासमोर पॅसेज आणि पॅसेजपलीकडे आणखी एक कुकर.

मुंबईचा उन्हाळा आकड्यांत साधा दिसतो. 14 एप्रिल 1952ला पारा 42.2 अंशांवर गेला होता, ते अपवादाचं. मे महिन्यात आकडा बहुतेक 33-34च्या आसपास घुटमळतो. नागपूरकर हसतो. त्याने हसावं, पण इथे घाम वाळत नाही हे त्याला सांगावं. समुद्राची दमट हवा अंगावरचा घाम उडू देत नाही, आणि घाम उडाला नाही तर अंग गार होत नाही. त्यात कुकरची वाफ. खोलीतली हवा आधीच पाण्याने भरलेली आणि आपण आणखी पाणी उकळत बसतो.

मग न शिजवता जेवण होत नाही का? होतं. मराठी घराला हे शिकवायची गरजच नाही. दहीपोहे माहीत आहेत, दडपे पोहे माहीत आहेत, सातूचं पीठ, मेतकूट, लाह्यांचं पीठ ताकात, आंबेडाळ, भिजवलेल्या मुगाची कोशिंबीर, सोलकढी, सगळं माहीत आहे. पाककृती कमी पडत नाहीत.

कमी पडते ती प्रतिष्ठा.

दहीपोहे म्हणजे मधल्या वेळचं. सातू म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं. शिळी भाकरी-ताक म्हणजे गरिबीचं. मेतकूट म्हणजे आजारपणाचं. ज्याला ज्याला आग लागत नाही, त्याला आपण कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात बसवून ठेवलं आहे. रात्रीचं ‘खरं’ जेवण मात्र पोळी, भाजी, वरण, भात. चार पदार्थ, चारही गॅसवरचे.

आपलं ताटच बघा ना. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी, उसळ. डावी बाजू बहुतेक सगळी बिनचुलीची, उजवी बहुतेक सगळी चुलीवरची. डावीकडचं चमच्याने वाढतात, उजवीकडचं वाटीने.

उन्हाळ्यात एवढंच उलटं करायचं आहे. वाटी डावीकडे न्या, चमचा उजवीकडे.

कोशिंबीर चिमूटभर का? काकडी किसून, हाताने पिळून, दाण्याचं भरपूर कूट घालून, वर दही घालून वाडगाभर खा. त्यात मूठभर भिजवलेले मूग टाका. पिळलेलं काकडीचं पाणी फेकू नका, ताकात घाला. यात गॅस कुठे आला?

आता सगळ्यात मोठा बनाव सांगते. आमरस.

आमरसाला आग लागत नाही. हापूस माचा, पिळा, झालं. उन्हाळ्याने आयतं दिलेलं जेवण. आणि आपण काय करतो? त्याच्याबरोबर पुरी तळतो! उकळत्या तेलाची कढई, मे महिन्यातली दुपार, दहा पाहुणे, आणि कढईशी उभी असलेली एकटी बाई. रस गार हवा म्हणून फ्रिजमध्ये, पुरी गरम हवी म्हणून ती कढईपाशी.

श्रीखंडाचंही तेच. दही रात्रभर टांगून चक्का केला, सकाळी साखर घालून फेटला, चाळणीतून घासला, वेलची-जायफळ लावलं. ज्योत पेटवलीच नाही. पाडव्याला एवढा गारेगार बेत हाताशी असताना पुन्हा तीच पुरी. आमरस नुसता वाटीने खाल्ला, श्रीखंड पावाबरोबर खाल्लं, तर सण विटाळतो का?

याउलट चैत्रातलं हळदीकुंकू आठवा. चैत्रगौर बसते, चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी बायका एकमेकींना बोलावतात. खायला काय असतं? आंबेडाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी. ओटीत भिजवलेले हरभरे. आंबेडाळीला लागते ती वरून एक पळीभर फोडणी. पन्ह्याला एखादी कैरी उकडावी लागते, तीही किसून घालणाऱ्या आहेत. बाकी सगळं भिजवायचं, वाटायचं, कापायचं.

हा बेत कोणी ठरवला? बायकांनी. कोणासाठी? बायकांसाठी.

ज्या दिवशी करणारी आणि खाणारी एकाच जातीची, त्या दिवशी गॅस जवळजवळ बंद. याहून मोठा पुरावा कोणाला हवा आहे? बायकांना गरम खायची हौस असती, तर चैत्रगौरीला बटाटेवडे तळले असते.

आंबेडाळ रात्रीचं जेवण का नाही? हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवलेली, जाडसर वाटलेली, त्यात किसलेली कैरी, मिरची, मीठ, किंचित साखर, ओलं खोबरं. वर मोहरी-हिंग-हळदीची फोडणी. वाडगाभर आंबेडाळ आणि ग्लासभर ताक पोटात गेलं की माणूस उठून उभा राहत नाही. पण आपण ती वर्षातून एकदा, डिशमध्ये, चमचाभर देतो. प्रसादासारखी.

दडपे पोहे घ्या. कोकणातल्या प्रत्येक घराला येतात आणि डिलाईल रोडवर कोकण काही कमी नाही. पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा, काकडी, खोवलेला नारळ, नारळाचं पाणी, मिरची, कोथिंबीर, लिंबू. सगळं कालवायचं, वर ताट घालून दडपून ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांत पोहे मऊ. वर फोडणी घाला, नाहीतर कच्चं तेल घाला, आणि भाजका पापड चुरून टाका. सातारा-कोल्हापूरकडच्यांनी नारळाऐवजी दाण्याचं कूट घालावं. कोणी भांडायला येणार नाही.

इथे एक गोष्ट लक्षात आली का? या सबंध कृतीत असं काहीच नाही जे घरातल्या पुरुषाला जमणार नाही.

‘मला स्वयंपाक येत नाही’ हे वाक्य पोळीपाशी चालतं. पोळी गोल हवी, फुगायला हवी, त्याला वर्षांचा सराव लागतो. भाताला पाण्याचा अंदाज लागतो. पण कांदा चिरायला? पोहे कालवायला? दही फेटायला? दहा वर्षांच्या पोराला जमतं ते चाळीस वर्षांच्या बापाला का जमू नये? बिनचुलीच्या जेवणाची खरी अडचण इथे आहे. ते ‘रीतसर’ जेवण म्हणून मान्य केलं, की करायचं कोणी हा प्रश्न घरात मोकळा होतो.

म्हणून ते मधल्या वेळचं राहतं.

इथल्या कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा बिनचुलीचं जेवण अवघड होतं, हे मान्य. तीन पाळ्या, गावाकडून आलेले हजारो पुरुष, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवलेली. तिथे आठ तास राबून आलेल्याला पोटभर हवं. ते द्यायची खानावळवाली. पहिल्या पाळीच्या आधी तिची चूल पेटायची आणि शेवटच्या पाळीनंतर विझायची. उन्हाळा-हिवाळा तिला एकच. या भागाचा इतिहास सांगताना भोंगा आठवतो, लाल झेंडा आठवतो, 18 जानेवारी 1982ला सुरू झालेला गिरणी संप आठवतो.

त्या चुलीचं तापमान कोणी लिहून ठेवलं नाही.

एका बाईने तिची दखल घेतली. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच खानावळवाल्यांसाठी. राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराच्या हातून सोडवलं. पैशाचा जाच कमी झाला. धगीचा जाच कोण कमी करणार? गिऱ्हाइकाला गरमच हवं होतं.

आता गिरण्या नाहीत. लोअर परळला उतरून या बाजूला आलात तर गिरणीच्या आवारात ऑफिसं आहेत, हॉटेलं आहेत. त्या हॉटेलांत काचेच्या बरणीत रात्रभर दुधात भिजवलेले ओट्स मिळतात. खाणाऱ्याला ते जेवण वाटतं. त्याच माणसाला घरी दहीपोहे दिले तर तो विचारतो, जेवायला काय आहे?

‘मग आम्ही उन्हाळ्यात घरी करतच नाही, बाहेरून आणतो.’ हे उत्तर हल्ली फार अभिमानाने दिलं जातं.

आणता कुठून? पोळीभाजी केंद्रातून. तिथे काय पोळ्या झाडाला लागतात? तुमच्या दहा पोळ्यांची धग वाचली, ती तिथल्या बाईच्या शेकडो पोळ्यांत जमा झाली. पत्र्याखालची जागा, एकाला एक लागून तवे. मोबाइलवरून मागवलंत तर त्यात भर दुपारच्या उन्हात मोटारसायकलवरून येणारा एक पोरगा वाढला. आपल्या घरातला गॅस बंद झाला म्हणजे गॅस बंद झाला असं नाही. तो फक्त दुसऱ्या पत्त्यावर पेटला.

पैसे दिले हे खरं, आणि तिला त्या पैशांची गरज आहे हेही खरं. तिचा धंदा बुडावा असं कोण म्हणेल? पण मे महिन्यात तिनेही पोळ्या कमी आणि कोशिंबिरी जास्त विकाव्यात, दडपे पोहे ताजे कालवून डब्यात द्यावेत, आंबेडाळ वाटीवर विकावी. मागायचं आपल्याला आहे. आपण पोळीच मागतो.

चाळी आता पाडल्या जात आहेत. वरळीच्या बीडीडीत ऑगस्ट 2025 मध्ये 556 घरांच्या चाव्या मिळाल्या. डिलाईल रोडच्या रहिवाशांनाही तेवढंच घर ठरलेलं आहे. 160च्या जागी 500 चौरस फूट. संडास घरात, बेडरूम वेगळी आणि स्वयंपाकघरही वेगळं. शंभर वर्षांनी मिळालेला हक्क आहे, त्याचा आनंद आहेच. कष्टकऱ्यांना हे फार आधी मिळायला हवं होतं.

पण एक बदल होणार आहे, तो आत्ताच बघून ठेवा. एका खोलीत चूल पेटली की सगळ्यांना उकडायचं. सासऱ्यांना, नवऱ्याला, पोरांना. ‘अगं, पुरे आता, भाजी राहू दे’ असं कोणीतरी म्हणायचं, कारण घाम त्याच्याही मानेवरून ओघळायचा.

नव्या घरात भिंत असेल.

हॉलमध्ये पंखा, बेडरूममध्ये हप्त्यावर घेतलेला एसी. स्वयंपाकघरात एसी लावलेला कोणी पाहिला आहे? खोलीतला उकाडा सगळ्यांचा होता, फ्लॅटमधला एकटीचा असेल. आणि ज्याला उकडत नाही तो गरम पोळी मागणं का थांबवेल?

थोडं तब्येतीचंही बोलू. बिनचुलीचं म्हणजे बिनधास्त नव्हे. मुंबईच्या हवेत ओला नारळ तासा-दोन तासांत आंबूस होतो, दडपे पोहे कालवले की लगेच संपवा. डाळ रात्रभर ओट्यावर भिजत ठेवली तर सकाळी फेस येतो. सकाळी भिजवा, दुपारी उपसून फ्रिजमध्ये ठेवा. दहीभातासाठी सकाळचा भात दिवसभर उघड्यावर ठेवू नका. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, गरम हवेत वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यावरही जात नाही. भात निवला की लगेच गार जागी. मोडाचं कडधान्य गरोदर बाईला आणि वयस्क माणसांना कच्चं देऊ नका, पाच मिनिटं वाफ द्या. तेवढ्याने कोणी भाजून निघत नाही.

आणि बर्फ. सरबताच्या गाडीवरचा बर्फ कुठून आला ते विचारा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळायचा नियम महाराष्ट्रात 2018 मध्ये आला. तो का आणावा लागला, याचा विचार पहिल्या घोटाआधी करा. कोकमाचं आगळ घरी असेल तर पाणी, मीठ, जिऱ्याची पूड, संपलं. आगळात नारळाचं दूध, लसूण-मिरची घातली की सोलकढी. गाडीपाशी उभं राहायचं कारणच काय?

‘पण मेतकुटाची डाळ भाजावी लागते, सातूचे गहू भाजावे लागतात, ती आग नव्हे का?’ आहे. हा प्रश्न रास्त आहे, आणि विचारणारीने ते भाजलेलं असणार. उन्हाळ्याचं हे अजब आहे. ज्या महिन्यांत चुलीपासून दूर पळावं, त्याच महिन्यांत मिरच्या भाजायच्या, कुरडयांचा चीक शिजवायचा, पापडाचं पीठ कुटायचं. एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मसाला गल्लीत जाऊन बघा. मिरची निवडणाऱ्या, डंकासमोर नंबर लावून बसलेल्या, पदराने नाक झाकून ठसका आवरणाऱ्या. वर्षभराची चव या दोन महिन्यांच्या घामातून येते.

फरक एवढाच की ते एकदा होतं. मेतकूट एकदा भाजलं की महिनाभर पुरतं. सातू एकदा दळून आणले की सकाळी दोन चमचे पीठ, गूळ, ताक किंवा दूध, पाच मिनिटं. एका दिवसाच्या धगीने तीस दिवस सुटतात. रोजच्या पोळीचा हिशेब कधी सुटतो? आणि भाजायचं नसेल तर मेतकूट, सातू दुकानात तयार मिळतात, तेही पुष्कळदा बचत गटाच्या बायकांनी केलेलं. घ्या. भाव करू नका.

गावाकडच्यांना हे गणित आधीपासून येतं. भाकऱ्या सकाळी थापायच्या, ऊन चढायच्या आत. दोन्ही वेळच्या. दुपारी आणि रात्री त्याच गार भाकरीबरोबर कांदा फोडून, दाण्याची चटणी, वर कच्चं तेल, किंवा भाकरी ताकात कुस्करून. कोकणात तव्यावर दोन मिनिटं परतलेला जवळा, त्यात चिरलेला कांदा आणि कैरी. ही सगळी माणसं इथे राबायला आली, येताना हे जेवण घेऊन आली. मग पगार वाढला, आणि गार भाकरीची लाज वाटायला लागली.

लाज कसली? शेतात राबणारा माणूस ज्यावर दिवस काढतो, ते लिफ्टने वर जाणाऱ्याला पुरत नाही?

‘पोट भरत नाही’ म्हणणाऱ्यांनी दही, दाणे, डाळ, मूग यांचं प्रमाण वाढवावं. पोट पोळीने भरतं ही सवय आहे. आठवड्यातून चार रात्री तरी मोडून बघा. उरलेल्या तीन रात्री पोळ्या सकाळीच लाटून ठेवा, पाणी आलं की उठावं लागतंच. रात्री गार पोळी खाल्ल्याने कोणाचं काही बिघडलेलं नाही. डब्यात नेलेली पोळी दुपारी एकला गारच असते आणि ऑफिसात सगळे ती मुकाट्याने खातात. तिथे समोर तव्याशी कोणी उभं नसतं, म्हणून मागताही येत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो दर घरात येतो. रोजचं ठीक आहे हो, पण मे महिना आहे, सुट्टी आहे, गावाहून माणसं येतात. पाहुण्यांपुढे दडपे पोहे कसे ठेवायचे?

ठेवा की. पाहुण्यांनाही उकडतंच आहे.